कूलंट पुन्हा पुन्हा कमी होतंय? भरण्याआधी ते जातंय कुठे ते शोधा

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली महिना-दीड महिन्यात ‘मिन’च्या खाली जाते. आपण ती भरतो, ती पुन्हा खाली जाते. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘साहेब, गरमीने उडतं, टाकत राहा.’ ठाण्यात निम्म्या गाड्या याच उत्तरावर चालल्या आहेत आणि त्यातल्या काहींचं हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं सील) याच उत्तराने गेलं आहे. कूलिंग सिस्टिम बंद असते. वर्षाकाठी बाटलीत बोटभर फरक पडला तर समजू शकतो, पण दर महिन्याला पाव-अर्धा लिटर ‘उडत’ नाही. ते बाहेर गळतंय, केबिनमध्ये झिरपतंय किंवा इंजिनाच्या आत जळतंय. चौथी वाट नाही. यातली कोणती ते घरच्या पार्किंगमध्ये, फारशा हत्यारांशिवाय कळू शकतं.

सुरू करण्याआधी एक गोष्ट कटाक्षाने पाळा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा दाबाच्या बाटलीचं टोपण उघडायचं नाही. फडकं गुंडाळूनही नाही, ‘थोडंसं ढिलं करून बघतो’ असंही नाही. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असतं आणि केवळ दाबामुळे उकळत नाही. टोपण सैल होताच ते वाफ होऊन थेट तोंडावर येतं. तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच करा.

गाडी कधी गरम होते?

बोनेट उघडण्याआधी हे ठरवा, कारण अर्धं निदान यातच आहे.

माजिवडा-कापूरबावडीच्या सिग्नलला उभं राहिलं की काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, असं असेल तर रेडिएटरला हवा मिळत नाही. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त फॅन. म्हणजे दोष फॅन, त्याचा रिले (फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच), फ्यूज किंवा सेन्सर यांतला. खात्री करायची सोपी खूण आहे. अशा गाडीचा एसीही सिग्नलला कोमट हवा देतो, कारण एसीच्या कंडेन्सरलाही (रेडिएटरपुढच्या जाळीलाही) तोच वारा लागतो. गाडी सुरू करून एसी लावा. थोड्या वेळात पुढचा फॅन फिरायलाच हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज बघा, मग शेजारचा तशाच नंबरचा रिले काढून तिथे लावून बघा. हात लांब ठेवा. काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो.

याउलट गावात ठीक, पण कळंबोलीहून एक्सप्रेसवेला लागून बोरघाट चढताना काटा वर, असं असेल तर फॅनचा फारसा दोष नाही. पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून चोंदलाय, पंप कमजोर आहे किंवा कूलंटच कमी आहे. सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा लालला भिडत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकलाय किंवा सिस्टिममध्ये हवा भरली आहे.

काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम ‘शांत’ ठेवलेला असतो. ८० अंशांपासून शंभरीपर्यंत मधोमध उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त लाल दिवा. गेल्या दहा-बारा वर्षांतली गाडी असेल तर स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लागणारा ब्लूटूथ स्कॅनर घ्या. मोबाइलवर खरं तापमान दिसतं. साधारण ९० ते १००-१०५ या पट्ट्यात वरखाली होणं नॉर्मल आहे. पण कूलंट पार संपलं असेल तर सेन्सर पाण्यात न राहता हवेत राहतो आणि खोटा, कमी आकडा दाखवू शकतो. म्हणून आकडा आणि पातळी दोन्ही बघायच्या.

गळती शोधणं

संध्याकाळी पुठ्ठ्याचा मोठा खोका उलगडून इंजिनाखाली सरकवा आणि सकाळी बघा. सोसायटीच्या फरशीवर डाग लगेच वाळतो किंवा झाडूवाला पुसून जातो, पुठ्ठ्यावर राहतो. डाग कुठे पडलाय यावरून वर कुठे बघायचं ते कळतं.

डाव्या पुढच्या सीटच्या साधारण खाली स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर घाबरू नका, ते एसीचं पाणी आहे. आपल्या दमट हवेत एसी तासाभरात तांब्याभर पाणी सहज टाकतो. कूलंट रंगीत, बोटांना किंचित चिकट आणि गोडसर वासाचं असतं. पांढऱ्या टिश्यूने टिपलं की रंग लगेच कळतो. चव मात्र कधीही घेऊ नका. इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. ते चवीला गोड असल्यामुळे पार्किंगमधली कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. सांडलं तर तिथल्या तिथे भरपूर पाण्याने धुऊन काढा.

आता टॉर्च घेऊन बोनेटखाली. ओल शोधू नका, वाळलेला क्षार शोधा. गळती बारीक असली की कूलंट गरम पृष्ठभागावर लगेच सुकतं आणि मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा सोडतं. तो चार ठिकाणी हमखास सापडतो. पहिलं, होज पाइपच्या क्लिपांखाली. जुन्या क्लिपची पकड गेलेली असते, नवी स्क्रूवाली क्लिप लावली की बहुतेक वेळा काम होतं. दुसरं, रेडिएटरच्या बाजूला जिथे प्लॅस्टिकची टाकी अॅल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते तो जोड. तिसरं, वॉटर पंपाच्या पोटाखालचं बारीक भोक. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येऊन आपल्याला कळवतं. तिथे रंगीत ओघळ दिसला की पंप बदलायचा, भोक बुजवायचं नाही. चौथं, थर्मोस्टॅटची बॉडी, विशेषतः प्लॅस्टिकची असेल तर.

पाचवं ठिकाण ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. खाडीकाठच्या आणि घोडबंदरच्या पोडियम पार्किंगमध्ये उंदीर बोनेटमध्ये मुक्काम करतात. होजवर दातांच्या खुणा, फॅन सेन्सरच्या वायरचे तुकडे, बॅटरीमागे चिंध्या दिसल्या तर तपासाची दिशाच बदलते. कुरतडलेली वायर म्हणजे न फिरणारा फॅन, आणि कूलंट पूर्ण भरलेलं असतानाही गाडी गरम होणार.

रेडिएटरच्या जाळीकडेही एक नजर टाका. मेट्रो ४च्या कामाची धूळ, चिलटं आणि वाळकी पानं कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. समोरून बघितलं तर काही दिसत नाही. टॉर्च वरून फटीत मारा. इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर पाती आडवी होतात.

टोपण

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. रेडिएटरचं टोपण म्हणजे कुकरची शिट्टी आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ (बार) असा आकडा असतो, तो किती दाबाला वाल्व्ह उघडेल ते सांगतो. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. दाबाखाली तेच १२५च्या पुढे जातं. टोपणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की हा दाब टिकत नाही. मग कूलंट जागोजागी उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जातं. पुठ्ठा कोरडा, क्षार कुठेच नाही आणि तरी पातळी खाली, अशा गाड्यांत मी पहिल्यांदा टोपण बदलतो. नवं घेताना तोच आकडा बघून घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुना रेडिएटर फुटेल.

ज्या गाड्यांत रेडिएटरवर वेगळं टोपण आणि बाजूला साधी बाटली असते त्यांत आणखी एक घोटाळा होतो. या टोपणात दुसरा, उलट दिशेचा छोटा वाल्व्ह असतो. इंजिन थंड होताना तो बाटलीतलं कूलंट रेडिएटरमध्ये परत ओढून घेतो. तो अडकला किंवा बाटलीच्या नळीला चीर गेली की बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा. सकाळी वरचा होज आत ओढल्यासारखा चपटा दिसला तर हेच झालंय. म्हणून अशा गाडीत फक्त बाटली बघून समाधान मानू नका. थंड गाडीचं रेडिएटरचं टोपण उघडून आत काठोकाठ आहे ना ते बघा.

हीटर, जो आपण कधी लावतच नाही

ठाण्यात हीटर कशाला लागतो, असं सगळेच म्हणतात. पण हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर आणि कूलंट त्यातून रोज फिरतं. वर्षभर न वापरलेला हा भाग गळला तर गळती गाडीच्या आत होते, पुठ्ठ्यावर काही दिसत नाही.

शेजारच्या इमारतीतल्या एका काकूंच्या गाडीत हेच होतं. एका गॅरेजने एसीचा ड्रेन साफ केला, कार्पेट वाळवलं, ओल परत आली. काकू म्हणाल्या, ‘अरे, पावसात काच आतून किती पुसली तरी तेलकटच राहते बघ.’ तिथेच संशय आला. डाव्या बाजूचं कार्पेट उचलून खालच्या फोमवर टिश्यू दाबला तर फिकट गुलाबी डाग उमटला. एसीचं पाणी काचेवर तेलकट थर देत नाही, कूलंटची वाफ देते. काच पुसून जात नसेल, व्हेंटमधून गोडसर वास येत असेल आणि पायाशी चिकट ओल असेल तर हीटर कोअर किंवा त्याच्या पाइपांचे जोड. यासाठी बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ते काम घरी करू नका, पण निदान हातात घेऊन गॅरेजला जा.

हीटर लावून इतरही बरंच कळतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर हीटर फुल करा. उभ्या गाडीत हवा गार आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर गरम येत असेल तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या भिंतीतून) आत जाणाऱ्या दोन पाइपांना सांभाळून हात लावा. एक चटका देणारा आणि दुसरा गार असेल तर कोअर चोंदलाय. दोन्ही गरम आणि हवा तरी गार असेल तर दोष कूलंटचा नाही, आतल्या फ्लॅपचा किंवा त्याच्या केबलचा आहे.

कोअर चोंदण्याचं एक कारण आपणच घालतो: हळद. गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायचा उपाय अजूनही चालतो. त्याने भोक बुजतं हे खरं, पण हळद भोक निवडून बुजवत नाही. हीटर कोअरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही ती तितक्याच आपुलकीने भरते. स्टॉप-लीकच्या बाटल्यांचंही तेच. आडरानात घरी पोचण्यापुरतं ठीक, कायमचा इलाज म्हणून अजिबात नाही. प्लॅस्टिक टाकीच्या चिरेवर लावलेल्या एम-सीलचंही आयुष्य तेवढंच.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही, काढून टाकू’ हा सल्ला देणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. इंजिन कामाच्या तापमानाला पोचलंच नाही की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्याला थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमधला ओलावा उडत नाही. भाग बिघडलाय की नाही ते हातानेच कळतं. गाडी गरम होऊन काटा वर चाललाय, वरचा होज कडक गरम आणि खालचा गार, तर तो उघडत नाही. मोकळ्या रस्त्यावर तापमान ७०च्या वर जातच नाही, तर तो उघडाच राहिलाय. काढलेला थर्मोस्टॅट जुन्या पातेल्यात पाण्यात टांगून उकळा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास, म्हणजे बहुधा ८२ ते ८८ला, तो उघडायला लागला पाहिजे. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

आत जळत असेल तर

बाहेर थेंब नाही, आत ओल नाही, टोपण नवं, तरी पातळी उतरतेय. मग हेड गॅस्केटचा विचार करायचा. थंड गाडीचं टोपण उघडून सुरू करा आणि बघत राहा. सुरुवातीचे चार बुडबुडे हवेचे असतात. ते थांबले नाहीत, एका लयीत येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येतोय. सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होणं ही दुसरी खूण. सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा, गोडसर धूर ही तिसरी.

ऑइलच्या टोपणाखाली पांढरट साय दिसली म्हणून मात्र लगेच हाय खाऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये फक्त स्टेशन-घर-शाळा एवढंच फिरणाऱ्या गाडीत ती दमट हवेनेही जमते. डिपस्टिक काढून बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल तर एक लांब चक्कर मारा, साय जाईल. डिपस्टिकवरही दुधट चहासारखा रंग असेल तर गाडी सुरूच करू नका, टो करून न्या. गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्ट (कूलंटमध्ये सिलिंडरचा गॅस येतोय का ते बघणारी चाचणी) करायला सांगा. त्यातलं निळं द्रव पिवळं झालं तर गॅस्केट गेलंय हे तुमच्या डोळ्यांदेखत सिद्ध होतं, अंदाजाने हेड उतरवायची वेळ येत नाही.

भरताना

ठाण्यात बर्फ पडत नाही, मग पाणीच घालू, असं नको. कूलंटचं इथलं काम गोठण थांबवणं नाहीच. उकळबिंदू वर नेणं आणि आतला गंज थांबवणं हे आहे. सोसायटीच्या टँकरचं किंवा बोअरचं पाणी तर मुळीच नको. बादलीच्या कडेला जो पांढरा थर चढतो, तोच इंजिनात चढतो. डिस्टिल्ड पाणी बॅटरीवाल्याकडे कॅनमध्ये मिळतं.

रंगावरून कूलंट निवडू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने ठरवतात. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिलाय तोच घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका. काही जोड्यांत जेलीसारखा गाळ होतो. आत काय आहे ते माहीत नसेल तर सगळं काढून धुणं हाच मार्ग.

धुताना एक हिशोब बहुतेकांचा चुकतो. समजा सिस्टिम ५ लिटरची आहे. खालची तोटी उघडली की जेमतेम ३ लिटर बाहेर येतं, २ लिटर इंजिन ब्लॉकमध्येच राहतं. पाण्याने धुतल्यावर ते २ लिटर साधं पाणी असतं. त्यावर ३ लिटर ‘रेडी टू यूज’ (आधीच निम्मं पाणी मिसळलेलं कूलंट) भरलं तर त्यातलं ग्लायकॉल दीडच लिटर, म्हणजे पाच लिटरांत फक्त ३० टक्के. म्हणून धुतल्यानंतर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणा. एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे अडीच लिटर, ते आधी घाला आणि उरलेला अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी. शेवटच्या दोन धुण्या तरी डिस्टिल्डच्याच हव्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये नळाचं पाणी नावापुरतं राहील.

आता हवा काढणं. बहुतेक ‘दुरुस्त केली तरी पुन्हा गरम होते’ या तक्रारी इथल्या असतात. पोडियमच्या रॅम्पवर गाडीचं तोंड वर करून उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना विटा लावा. हीटर फुल गरमवर, ब्लोअर कमी. टोपण उघडं ठेवून, थंड इंजिनात, हळूहळू भरा. होजवर ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर सलग धार येईपर्यंत उघडा. वरचा होज हाताने दाबत-सोडत राहा, बुडबुडे येतील, पातळी उतरेल, पुन्हा भरा. गाडी सुरू करा आणि पातळी वर चढून बाहेर यायला लागण्याआधी टोपण लावा. मग फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. हीटर सतत कडक गरम हवा देत असेल तर हवा निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी थोडी उतरलेली असेलच, तेवढी भरा. त्यानंतर ती हलता कामा नये.

काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नका. आपली पावसाळी गटारं खाडीला जातात आणि ठाणे खाडी २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२पासून रामसर स्थळही. कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

रस्त्यात काटा चढला तर

गायमुखच्या घाटात किंवा मुंब्रा बायपासला लगेच थांबायला जागा नसते. एसी बंद करा, काचा खाली घ्या, हीटर आणि ब्लोअर दोन्ही फुल करा. हीटर कोअर दुसऱ्या रेडिएटरचं काम करतो आणि सुरक्षित जागेपर्यंत पोचण्याएवढा वेळ मिळतो. हीटरमधून गार हवा आली तर मात्र आत कूलंट उरलेलंच नाही. मग जिथे असाल तिथे कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. हझार्ड लावा, प्रवाशांना गाडीपासून लांब, रस्त्याबाहेर उभं करा.

तासभर तरी थांबा. गरम इंजिनावर पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. होज हाताला गार आणि मऊ लागल्यावरच टोपण उघडा. कूलंट नसेल तर बिस्लेरीची बाटली चालते, घरी पोचण्यापुरती. आधी इंजिन सुरू करून मग हळूहळू ओता. ओतलेलं पाणी खालून लगेच गळत असेल तर टोइंगला फोन करा. अशा गाडीने काढलेले पुढचे दोन किलोमीटर दोन-तीन हजारांची दुरुस्ती हेडच्या कामापर्यंत नेतात.

गॅरेजला गेलात तर ‘गाडी गरम होते’ एवढंच सांगू नका. उभी असताना की पळताना, हीटर गरम येतो की गार, पुठ्ठ्यावर डाग कुठे पडला, टोपण कधी बदललं हे सांगा. कुठलाही भाग बदलण्याआधी सिस्टिमला हातपंपाने दाब देऊन प्रेशर टेस्ट करायला लावा आणि ती होताना तिथे उभे राहा. थंड गाडीत टोपणावरच्या आकड्याइतका दाब दिल्यावर काटा दहा-पंधरा मिनिटं जागचा हलला नाही, तर बाहेर गळती नाही. हलला, तर बाहेरची गळती तिथेच, समोर दिसते; बाहेर काहीच दिसलं नाही, तर गळती केबिनमध्ये किंवा इंजिनाच्या आत.